अक्का, फिजीची पेटी आज निघाली

बनारस,
सोमवार, ३ नोव्हेंबर १९१३

प्रिय अक्का,

आधी माफी मागतो. ईस्टरच्या आठवड्यात तुला माती देऊन आलो, त्याला सात महिने झाले, आणि एवढ्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही. रोजनिशीत ऊन-पाऊस लिहिला, शाळेतली हजेरी लिहिली, सलोमीचा खोकलासुद्धा लिहिला. तुझं नाव आलं की मात्र टाक खाली ठेवायचो. आज ठेववत नाही. कारण आज सकाळी पेटी गेली! फिजीची पेटी, अक्का! कॅन्टोन्मेंट स्टेशनावरून कलकत्त्याला, आणि तिथून जहाजानं पुढे.

ही बातमी मराठीत सांगायची तर सांगू कुणाला? तुझी भावजय सलोमी मिर्झापूरची. आपल्या मराठीला ती 'आप दोनों की खुसुरफुसुर' म्हणायची. मुलं आपसांत हिंदीच बोलतात, धाकटा तर परवा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही आत्याशी बोलायचे ती बोली अजून येते तुम्हाला?" येते का? लिहून बघतो.

तू दुलारीचं पत्र चर्चच्या मंडळीच्या पंचायतीत आणलंस तो जानेवारीतला दिवस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुझी दुलारी! दुष्काळात आपल्या मुलींच्या शाळेत आली तेव्हा चिमणीएवढी होती. तुझ्याच मांडीवर अक्षर ओळखायला शिकली. पुढे लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर पाच वर्षांच्या गिरमिटावर फिजीला उसाच्या मळ्यात गेली. करार संपला तरी ती दोघं तिथंच राहिली, आणि आता एका चिंचेखाली मजुरांच्या चौदा मुलांना शिकवते म्हणे. आपल्याच जौनपूर-गाझीपूरकडच्या लोकांची मुलं. तिथले गोरे पाद्री भले आहेत, पण त्यांना हिंदी येत नाही. "बहनजी, पुस्तकं पाठवा, आणि एक ढोलक," असं तिनं लिहिलं होतं. बस, एवढंच.

तू चष्मा कपाळावर सारून म्हणालीस, "आपल्या मंडळीनं हे पाठवायला पाहिजे."

पाद्रीसाहेब हसले होते, आठवतं? "बहनजी, फॉरेन मिशन? विलायतेच्या अहवालात फॉरेन मिशन म्हणजे आपणच की! आपल्याला आणखी फॉरेन कुठून आणायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि मी मंडळीचा चिटणीस, शिकलेला माणूस. मला वाटलं, आपणही काही शहाणपणाचं बोलावं. म्हणालो, "अक्का, आधी छताचं बघू. पावसाळ्यात वेदीवर पाणी गळतं."

"छत सहा वर्षं गळतंय, बाळू," तू म्हणालीस. "फिजीला काही पाठवलं नाही म्हणून ते बुजलं का?"

आता लोक मला हसले. पंचेचाळिशीच्या हेडमास्तरला भर सभेत बाळू! मी मान खाली घालून इतिवृत्तात एक शब्द लिहिला: विचाराधीन. अक्का, तो शब्द मी रागानं लिहिला होता. आज कबूल करतो. मी स्वतःला सांगत राहिलो की ही काटकसर आहे, व्यवहार आहे, आपल्या माणसांची काळजी आहे. पण दुलारीचं ते पत्र कागदांच्या तळाशी सरकवताना हाताला जे बरं वाटलं, त्याला काटकसर म्हणायचं का?

तू तीनदा विचारलंस. पहिल्यांदा शाळेच्या दारात, मग आमच्याकडे जेवताना, मग तापात पडल्यावर. शेवटच्या दिवसांत विचारलंच नाहीस. ते मला जास्त लागलं. का नाही झापलंस मला? लहानपणी राजा घाटावर मी दुसऱ्याच्या होडीत चढून बसलो तर कान धरून उतरवायचीस. बाबांनी बाप्तिस्मा घेतला, घर सोडलं, तेव्हा एका हातात माझा हात आणि दुसऱ्यात कंदील धरून तूच मला मिशनच्या आवारात आणलंस. एवढा हक्क असलेल्या माणसानं गप्प बसू नये गं!

सप्टेंबरच्या शेवटी दुलारीचं दुसरं पत्र आलं. वर तुझंच नाव. मी ते दोन दिवस फोडलं नाही. सलोमीनं शेवटी ताटाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाली, "पत्रावर नाव त्यांचं आहे, पण घर तर तुमचं आहे ना?"

आत काय होतं सांगू? "बहनजी, मुझसे नाराज हैं क्या?" ही पहिली ओळ. पुढे तिनं लिहिलं होतं की मुलांचे आईबाप आता कंटाळले आहेत. ना पोथी, ना पाटी, काठीनं मातीत अक्षरं काढायची, ही कसली शाळा? पुढच्या हंगामात उसाची तोडणी सुरू होईपर्यंत थांबू म्हणतात. तोवर पुस्तकं आली नाहीत तर मुलं शेतात नेणार. जे मूल एकदा शेतात गेलं, ते परत येत नाही, असं तिनं लिहिलं होतं.

म्हणजे माझ्या त्या एका शब्दाखाली चौदा मुलं दबून बसली होती.

दुसऱ्या दिवशी शाळेआधीच पाद्रीसाहेबांकडे गेलो. ते दाढी करत होते. अर्ध्या तोंडाला साबण असतानाच त्यांनी पत्र वाचलं आणि तसेच खुर्चीत बसले. रविवारी उपासनेनंतर त्यांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. आणि अक्का, आपली मंडळी! एका आठवड्यात चर्चच्या मागच्या खोलीतली पेटी काठोकाठ भरली! मी रोजनिशीत लिहिलं, 'मंडळी जागी झाली.' केवढा खूश होतो मी!

आता पुढचं ऐक, आणि हसू नकोस. नाही, हसच.

पेटीबरोबर यादी द्यावी म्हणून मी एका शनिवारी दुपारी ती उघडून बसलो. खिळे ठोकायला आपले पौलस चाचा होते. तेच ते, चर्चची बाग राखणारे, तुझ्या वाफ्यातल्या मेथीवरून तुझ्याशी भांडणारे. मी लिहीत होतो, ते एकेक वस्तू काढत होते.

पहिले निघाले लोकरीचे हातमोजे. मग आणखी हातमोजे. मग जाडजूड लोकरीचा गलपट्टा. मग एक हात तुटलेली चिनी मातीची बाहुली. मग बर्फावरून घसरगाडी हाकणाऱ्या मुलांची चित्रं. मग पुन्हा हातमोजे.

चाचांनी एक मोजा हातात चढवला, बोटं हलवून पाहिली आणि विचारलं, "का हो मास्टर, फिजी में बरफ गिरत बा का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्का, हे सगळं आपल्याला दर नाताळात येणाऱ्या विलायती पेट्यांतलं होतं! गेल्या दहा-बारा वर्षांतलं! बनारसमध्ये ज्याचा काही उपयोग नव्हता, पण साहेबांच्या देशातून आलं म्हणून कुणी टाकलंही नव्हतं, ते सगळं ट्रंकांच्या तळातून निघून देवाच्या नावानं पुढे निघालं होतं. अख्ख्या मंडळीनं, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट केली होती. आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दान दिलं!

मला संताप आला. उठून फेऱ्या मारू लागलो. म्हणालो, "चाचा, उद्या सभेत मी यांना सोडणार नाही. ज्याची झळ लागत नाही ते दान कसलं?"

चाचांनी पेटीच्या कोपऱ्यातून आणखी एक वस्तू काढली. लाल बनातीचं, फुलाच्या आकाराचं, मधे मोती शिवलेलं. "और ई? ई का ह?"

टाक पुसायचं फडकं होतं ते. तुला आठवेल! ज्या नाताळात ते आलं त्या नाताळात तू ते बाहुलीची टोपी म्हणून दुलारीला दिलं होतंस, आणि मी ऐटीत परत मागून घेतलं होतं की विलायतेत याला टाक पुसतात. मग मी त्यानं कधी टाक पुसला नाही. बारा वर्षं खणात पडलं होतं. आणि पेटीत ते मीच टाकलं होतं.

मी खाली बसलो. चाचांनी मोजा घातलेल्या हातानं मला पाणी आणून दिलं.

त्या दुपारी खूप विचार केला. विलायतेतल्या ज्या बायकांनी ते हातमोजे विणले, त्यांनी आपला उन्हाळा कधी पाहिला नव्हता. चुकलं असेल त्यांचं. पण ते त्यांनी स्वतः विणले होते. संध्याकाळी काम आटोपून, दिव्याशेजारी बसून, न पाहिलेल्या मुलांच्या हातांचा अंदाज घेत. त्यांनी आपला वेळ दिला, आपले डोळे दिले. आणि आपण? आपण नुसती पेटी पुढे सरकवत होतो. तू एकदा सलोमीला म्हणाली होतीस, "कुणीतरी पाठवलं म्हणून तारणाची गोष्ट आपल्या दारापर्यंत आली. आपलं दार काही शेवटचं नाही." तेव्हा मला ते घरोघर बायबल वाचून दाखवणाऱ्या बायबल-बाईचं नेहमीचं बोलणं वाटलं होतं. फिजीतल्या चिंचेखालची मुलं बर्फाची चित्रं बघत बसलेली डोळ्यांपुढे आली तेव्हा ते कळलं. आपण घेणारे आहोत, गरीब आहोत, ही सबब आपल्याला किती सोयीची झाली होती! घेणाऱ्याला कुणी मागत नाही ना!

दुसऱ्या दिवशी सभेत उभा राहिलो. कागदावर कडक भाषण लिहून नेलं होतं. पण समोर तीच माणसं बसलेली, आनंदानं तोंडं फुललेली, मला बोलवेना. मग खिशातून ते लाल फडकं काढलं आणि वर धरलं.

"भावांनो आणि बहिणींनो," मी म्हणालो, "हे हेडमास्तरांचं दान. बारा वर्षांपूर्वी मला फुकट मिळालं. मी ते एकदाही वापरलं नाही. फिजीतल्या मुलांकडे टाक नाही, दौत नाही, पण मी त्यांना टाक पुसायची सोय करून दिली आहे."

मग मागच्या बाकावरून सलोमी, माझी स्वतःची बायको, फसकन हसली. आणि मग सगळी मंडळी! एक म्हणतो, "मोजे मेरे थे, मास्टर साहब!" दुसरी म्हणते, "बाहुली माझी, पण हात माझ्याकडे येण्याआधीच तुटला होता!" पाद्रीसाहेब डोळे पुसत होते. "गलपट्टा पाद्री का है," ते म्हणाले, "क्षमा करा."

अक्का, कबुलीजबाबाच्या वेळी आपल्या चर्चमध्ये एवढा हशा कधी झाला नव्हता. आणि एवढी खरी कबुलीही बहुधा नाही.

पेटी रिकामी केली. ठरवलं, आपल्या हातचं किंवा आपल्याला लागणारं असेल तेच आत जाईल. पेटी पुन्हा भरायला तीन आठवडे लागले. आधी एक आठवड्यात भरली होती. यातच काय ते समज.

काय काय गेलं सांगू? सलोमीनं आपल्या दोन रोजच्या साड्या फाडून पाटी-पुस्तकांचे चौदा बस्ते शिवले. आता तिच्याकडे तीन उरल्या आहेत, आणि मी बघतोय असं दिसलं की ती म्हणते, "मोजताय काय? धुवायला कमी झाल्या!" लाखेच्या रंगाचं काम करणारा आपला सुतार आहे ना, त्यानं हत्ती, पोपट आणि बैलगाडी केली, तुटक्या बाहुलीऐवजी. पौलस चाचांनी नेनुआ म्हणजे घोसाळी, दुधी आणि घेवड्याचं बी कागदाच्या पुड्यांत बांधून दिलं. "तिथं गावाकडची माणसं आहेत, नेनुआ खायला मिळत नसंल," असं म्हणाले. आणि दबक्या आवाजात, "मेथी भी रख दिए हैं. बहनजी वाली." तुझ्या वाफ्यातली, अक्का. जिच्यावरून ते तुझ्याशी भांडायचे, तीच!

आणि ढोलक! ढोलक कुणी दिला, ओळख बरं. पाद्रीसाहेबांनी! एका संध्याकाळी ते जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. पाद्री होण्याआधी ते गावात वाजवत असत. इथल्या जुन्या साहेबांना चर्चमध्ये ढोलक आवडायचा नाही, म्हणून सतरा वर्षं पलंगाखाली ठेवला होता. "वाजतो का बघायला हवं," असं म्हणून चर्चच्या पायरीवर बसले, दोऱ्या ताणल्या, आणि मग जे वाजवलं! मुली आतून धावत आल्या, चाचा खुरपं टाकून आले, सलोमी टाळ्या वाजवू लागली, आणि मी, ज्याला ताल कशाशी खातात ते माहीत नाही, मीसुद्धा डोलत होतो. तासभर भजनं झाली. संपल्यावर त्यांनी ढोलकाच्या कातड्यावरून एकदा हात फिरवला आणि तो स्वतःच पेटीत ठेवला. मी म्हणालो, "बाजारातून दुसरा आणू, साहेब." ते म्हणाले, "मास्टरजी, तुमच्या त्या भाषणानंतर?"

आणि मी काय दिलं? हेच सांगायला मला सगळ्यांत अवघड जातंय. बढाई वाटेल, आणि सांगितलं नाही तर तू विचारशील.

या दसरा-दिवाळीच्या सुट्टीत मी नाशिकला जाणार होतो. आपण दोघं जाणार होतो खरं तर. ज्या देशाची बोली आपण घरात बोलत राहिलो, तो देश आपण दोघांनीही पाहिला नव्हता. तू गेलीस, तरी मी एकटा जायचं ठरवलं होतं; रजा मंजूर होती, गाडीची वेळही लिहून ठेवली होती. पण मुलांच्या वाचनाच्या छापील पोथ्या आणून पाहिल्या तर त्यांत सगळं इथल्या घरांतलं. फिजीत जन्मलेल्या पोराला यातलं काय कळणार? मग मीच एक पोथी लिहायला बसलो. त्यात ऊस आहे, चिंच आहे, समुद्र आहे, आणि आईबापांना घेऊन आलेलं जहाज आहे. छापायची ऐपत नाही, म्हणून वरच्या वर्गातल्या मुलींनी हातानं नकला काढल्या. चौदा! शाईनं बोटं निळी, बाकं निळी, एकीचं नाकसुद्धा निळं. पूर्ण सुट्टी त्यात गेली.

नाशिकची हळहळ वाटली का? वाटली. खोटं का बोलू? पहिले दोन दिवस तर चिडचिड करत होतो, सलोमी साक्षीला आहे. पण तिसऱ्या दिवशी जहाजाचा धडा लिहिताना केव्हा संध्याकाळ झाली कळलं नाही. इतकी वर्षं मी रविवारी दानपेटीत पैसे टाकत आलो आणि टाकून मोकळा झालो. कधी आनंद झाल्याचं आठवत नाही. या वेळी दिल्यानंतरही त्या मुलांपासून मोकळा झालो नाही, उलट अडकलो. आणि आनंद झाला! तू मला हेच सांगत होतीस का? मग नीट का नाही सांगितलंस? का सांगत होतीस आणि मीच इतिवृत्त लिहीत बसलो होतो?

आता हा आनंदही मी तपासून बघतोय. हे सगळं दुलारीसाठी केलं, की तुझ्यापुढे तोंड दाखवता यावं म्हणून? दोन्ही असेल. चौदा पोरांना तर दोन्हींतलं कुठलंही चालेल.

आज सकाळी स्टेशनावर पार्सलबाबूनं मालाची पावती, ती बिल्टी, फाडताना विचारलं, "पाठवणारा कोण?" पाद्रीसाहेब माझ्याकडे बघू लागले, मी चाचांकडे. चाचा म्हणाले, "लिखो, बनारस की मंडली." बाबूनं मान वर करून विचारलं, "और वहाँ कौन है आपका?" चाचांना वाटलं, हा काय प्रश्न झाला! म्हणाले, "चौदह ठो लइका." आपली चौदा पोरं!

जहाज वेळेवर मिळालं तर तोडणीच्या किती तरी आधी पेटी पोचेल. दुलारी चिंचेखाली ती उघडील. मला फक्त झाकण वर होतानाचा आवाज ऐकायचा होता. नाही ऐकता येणार. चालेल.

अक्का, तुला एक वचन देतो. जोवर मी या मंडळीचा चिटणीस आहे तोवर समुद्रापलीकडून आलेल्या हाकेपुढे तो शब्द पुन्हा लिहिणार नाही. आणि दर वर्षी बनारसहून एक पेटी जाईल, आपल्या हातच्या वस्तूंची. छत गळत असलं तरी. (छताची गोष्ट अशी की काल चाचांनी त्याला स्वतःच डांबर लावलं. आता पावसात कळेल.)

तुझा,
बाळू

उद्या: शाळेआधी दुलारीला पत्र लिहायचं. बहनजी नाराज नव्हत्या, आणि बहनजी आता नाहीत, हे तिला मी अजून कळवलेलं नाही.